चक थांबेपर्यंत

नरसय्या मास्तरांचा उजवा तळहात पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, हा हात कधीतरी भाजला असणार. तळहातावर एकही रेष नव्हती. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, कसलीच नाही. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पोळपाटासारखा नुसता तांबूस, चकचकीत तळवा आणि त्याला पाच बोटं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत भाड्यानं राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि समोरच्या घरातले हे गृहस्थ दारात उभं राहून तो हात माझ्यापुढं पसरून पक्कड मागत होते.

"पक्कड हाय का? इंजिनेर हाय म्हनं तुमी."

"आहे. पण हाताला काय झालं हो?"

"ह्येला? काय हुतंय? चक थांबवून थांबवून असा झालाय."

पक्कड घेऊन ते गेलेसुद्धा. नमस्कार नाही, नाव नाही, कुठून आलात, काय करता, काही नाही. ती पक्कड परत आली, पण त्यासाठी मला त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा लागला आणि मग ते जाणं-येणं थांबलंच नाही.

लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरणारा जो जाडजूड लोखंडी जबडा असतो, त्याला चक म्हणतात. मशीन बंद केलं तरी तो आपल्या वजनानं थोडा वेळ फिरत राहतो. शहाणी माणसं तेवढा वेळ थांबतात. मास्तर मशीन बंद करायचे आणि त्याच झटक्यात फिरत्या चकवर तळहात टेकवून त्याला दाबून थांबवायचे. पुष्कळ टर्नर लोकांना ही खोड असते. पण बाकीचे कधीमधी करतात, घाईचं काम असलं की करतात. मास्तरांना घाई नसलेलं काम माहीतच नव्हतं. तरुणपणी गिरणीच्या वर्कशॉपात लागल्यापासून त्यांनी तो चक असाच थांबवला होता, आणि चकनं त्यांच्या हातावरच्या सगळ्या रेषा पुसून टाकल्या होत्या.

या हाताची एक गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि दर वेळी तिला थोडं वाढवायचे. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत एक हात बघणारा बसला होता. मास्तरांनी त्याच्यापुढं उजवा हात धरला. त्यानं हात उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली नेला, फुंकर मारली, शेवटी रुमालानं पुसून बघितला. मग म्हणाला, "काका, दुसरा हात दाखवा."

"मी म्हटलं, दुसरा कशाला? ज्या हातानं कमवतो त्योच बघ की! तर बिचारा उठून चहाला गेला. परत आलाच न्हाय!"

हे सांगून ते इतके मोठ्यानं हसायचे की आतून बालमणीअक्का, म्हणजे त्यांची बायको, तेलुगूत काहीतरी बोलायची. त्यातला एकच शब्द मला हळूहळू ओळखीचा झाला. मेल्लगा. मेल्लगा म्हणजे सावकाश. त्या घरात हा शब्द दिवसभर ऐकू यायचा. मास्तर जिना उतरताना, मास्तर बशीतला कडकडीत चहा एका घोटात संपवताना, रिक्षा थांबायच्या आत एक पाय खाली टाकताना. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची, आणि मान वर न करता म्हणायची, "मेल्लगा."

"लग्नातबी असंच," तिनं मला एकदा सांगितलं. "सप्तपदीला ह्ये पुढं पळत व्हते आन् मी उपरण्याला धरून मागनं. भटजी म्हनाले, अवो, मंत्र संपू द्या."

मास्तर सगळ्याच बाबतीत बरोबर असायचे असं काही नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट निम्म्या वेळा ते सपशेल चुकायचे, फक्त चुकतानाही आवाज तेवढाच मोठा. नव्या दिव्यांनी डोळे जातात. फ्रिजमधलं पाणी प्यायलं की गुडघे धरतात. ज्या वस्तूला पट्टा, दाते किंवा नटबोल्ट नाही, ती वस्तू म्हणजे खेळणं. माझा मोबाइल खेळणं, माझी स्कूटीसुद्धा खेळणं, कारण तिला गिअर नव्हते. मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात विजेची कामं बघते, तिथली मशीनं कशी इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालतात हे मी एकदा उत्साहानं सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अक्काला म्हणाले, "हिच्या कारखान्यात लई खेळणी हायत बघ."

त्यांचं स्वतःचं मशीन म्हणजे एक जुनी, अंगानं भरलेली लेथ. गिरणी बंद पडली तेव्हा वर्कशॉपातली मशीनं विकायला काढली, आणि ज्या लेथवर ते उभे राहायचे तीच त्यांनी घेतली. गल्लीच्या टोकाला एका भाड्याच्या शेडमध्ये ती ठेवून ते यंत्रमागाचे सुटे भाग करायचे. आजूबाजूचे माग धडधडत होते तोवर त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. मग माग कमी झाले, काहींनी नवीन माग आणले, त्यांचे भाग खोक्यात घालून तयारच यायला लागले. शेडमध्ये कामापेक्षा गप्पांना येणारे जास्त झाले. तरी मास्तर सकाळी आठला घाईघाईनं शेडकडं निघायचे, जणू दारात गिऱ्हाइकांची रांग लागलीये.

आणि मग शेडच्या मालकानं जागा मागितली. त्याला तिथं घर बांधायचं होतं. भांडण वगैरे काही नाही, त्यानं आधी सांगून पुरेसा वेळही दिला होता. तेव्हा मास्तरांचा मुलगा श्रीनिवास पुण्याहून आला. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शांत, सरळ मुलगा. बापासारखा एक गुण म्हणून नाही. त्यानं मला साक्षीला बसवल्यासारखं समोर बसवून वडिलांना मराठीत सांगितलं, "नान्ना, आता पुरे. मशीन भंगारात द्या आणि तुम्ही दोघं माझ्याकडं चला."

"मशीन घरात आनतो," मास्तर म्हणाले.

"घरात सिंगल फेज आहे. तुमची मोटर थ्री फेजची. इथं चालणार कशी?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी श्रीनिवासकडं बघितलं. श्रीनिवास जरा हसला आणि म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीला मी येतो. तोपर्यंत घरच्या लाइटवर चालली, आणि मला दिसलं की धोका नाही, तर राहू दे. नाही तर दिवाळी करून सगळे पुण्याला."

तो गेल्यावर मास्तर माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसले. ते बसलेले मी फार कमी वेळा बघितले आहेत. हात गुडघ्यावर उलटा ठेवला होता.

"इंजिनेरबाई, पुन्यात मी काय करू? गॅलरीत बसून गाड्या बघू?"

"श्रीनिवास चांगलं बघेल की तुमच्याकडं."

"बघंल. त्येच की. त्यो माझ्याकडं बघत बसंल आन् मी गाड्याकडं." मग गुडघ्यावरचा हात सुलटा केला आणि म्हणाले, "ह्या हाताला काम न्हाय दिलं तर मी मरून जाईन, बघा."

एरवी त्यांचं बोलणं मी निम्मं सोडून द्यायची. हे सोडता आलं नाही. मी म्हटलं, "चालेल. घरच्या लाइटवर चालेल तुमची लेथ."

आमच्या कारखान्यात मोटरींना ड्राइव्ह लावलेले असतात. व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह असं त्याचं पूर्ण नाव, पण आम्ही ड्राइव्हच म्हणतो. एवढासा डबा असतो. एका बाजूनं घरातली सिंगल फेज वीज घेतो, दुसऱ्या बाजूनं मोटरला लागते तशी थ्री फेज करून देतो. शिवाय त्याच्यावर एक गोल बटण असतं. ते फिरवलं की मोटर हवी तेवढी हळू किंवा जोरात फिरते. मास्तरांना आजवर वेग बदलायचा तर मशीन बंद करून पुलीवरचा पट्टा हातानं ओढून दुसऱ्या खाचेत घालावा लागायचा. त्यांच्या मोटरीला बेताचा एक ड्राइव्ह मी आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलून वजन बघितलं, कानाशी नेऊन हलवला.

"ह्येच्यात थ्री फेज कुटं मावतंय? ह्येच्यात माझी दुपारची भाकरी मावायची न्हाय."

लेथ घरी आणली तो दिवस गल्लीला अजून आठवतो. वजन कमी करायला मास्तरांनी आधी तिचा चक काढला, तो ज्या आट्यांवर पिळून बसतो त्यांच्यावरची वर्षानुवर्षांची घाण खरवडली, तेल लावलं आणि चक बाजूला ठेवला. मग लेथखाली पाइप घालून सगळ्या गल्लीनं ती ढकलत ढकलत आणली. मास्तर पुढं उलटं चालत ओरडत होते आणि अक्का सूप काखेत धरून मागून मेल्लगा, मेल्लगा करत होती. उंबऱ्याचा एक कोपरा गेला. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. पुढच्या खोलीत लेथ बसली आणि दाराची एक फळी कायमची उघडी राहिली. अक्कानं सगळ्यांना चहा केला आणि लेथच्या कडेवरच कप मांडले, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. मास्तरांनी चक परत घालून घट्ट केला.

ड्राइव्हच्या विजेला जुळावं म्हणून मोटरच्या पेटीतल्या जोडपट्ट्या मी बदलून घेतल्या, ड्राइव्ह भिंतीवर लावला. फक्त एका गोष्टीवर मास्तर अडून बसले. त्यांना त्यांचा जुना दांड्याचा स्विच हवा होता. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकून चालत नाही, चालू असताना तो पाडला तर ड्राइव्ह जळू शकतो. शेवटी मी तो दांडा ठेवला, पण विजेच्या वाटेवरून बाजूला काढला. आता तो फक्त डब्याला निरोप द्यायचा, चालू कर, बंद कर. मास्तरांचं समाधान झालं. दांडा वर केला.

काही झालं नाही, असं आधी वाटलं. दिवे मंद झाले नाहीत, हिसका बसला नाही. चक मात्र अलगद फिरायला लागला होता, आणि बटण फिरवलं तसा वेग घेत गेला. डब्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. अक्कानं लेथला हात जोडले. मास्तर जरा हिरमुसलेच होते.

"आवाज कुटं गेला हिचा?"

"हा असाच असतो."

"मुंगी शिट्टी वाजवायलीय, असं वाटतंय." तरी त्यांनी लोखंडाचा एक तुकडा लावला, त्याच्यावरून हत्यार फिरवलं, आणि सुरीनं सोललेल्या सफरचंदाच्या सालीसारखी लांब निळसर चुरी खाली पडायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दांडा खाली केला आणि सवयीनं हात पुढं नेला.

"हात नको!" मी ओरडले. "तो आपोआप थांबतो."

थांबायला किती वेळ घ्यायचा हे ड्राइव्हला आकड्यात सांगून ठेवता येतं. मी मुद्दाम भरपूर वेळ दिला होता. चक हळू, आणखी हळू होत होत थांबला. तेवढ्यात मास्तरांनी दोनदा पायावरचा भार बदलला, एकदा छताकडं बघितलं आणि शेवटी म्हणाले, "एवढ्यात मी मंगळवेढ्याला जाऊन येतो."

मग रोज तोच विषय. चक चटकन थांबला पाहिजे. मी सांगितलं, हा चक बाटलीच्या झाकणासारखा आट्यांवर बसलेला आहे. फिरताना तो घट्ट होतो, पण मोटर एकदम थांबली की तो आपल्या वजनानं पुढं फिरत राहून सुटू शकतो. नवीन लेथला तसं होत नाही, ही जुनी आहे. मास्तर हसले. "माझा चक? गिरणीत बसवल्यापासनं जागचा हलला न्हाय त्यो. परवा काढताना हातोडा मारून मारून खांदा गेला माझा. तुमच्या डब्याला काय सुटतोय!"

काढतानाच तर त्यांनी आटे साफ करून तेल लावलं होतं. पण ते त्यांच्या ध्यानातून गेलं, आणि मी आकडे बदलत असताना माझी बोटं कुठल्या बटणावरून कुठं जातात ते मात्र नीट ध्यानात राहिलं.

दिवाळीला श्रीनिवास आला. रविवारी सकाळी फराळ झाला आणि मास्तरांनी लेथसमोर त्याच्यासाठी खुर्ची मांडली. मी उंबऱ्यात उभी होते, अक्का बाहेर कट्ट्यावर सूप घेऊन. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दांडा वर. बटण फिरवून वेग वाढवला, पुष्कळ वाढवला. श्रीनिवास म्हणाला, "चालतेय की छान." त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मास्तरांना राहवेना.

"आता थांबते कशी बघ," ते म्हणाले, आणि दांडा खाली केला.

त्या सकाळी त्यांनी थांबायचा वेळ जवळजवळ काढूनच टाकला होता, हे आम्हाला नंतर कळलं. चक ज्याच्यावर बसवलेला असतो तो आस, स्पिंडल, जागच्या जागी थांबला. चक थांबला नाही. तो आट्यांवरून फिरत फिरत सुटला, लेथच्या पाठीवर आपटला, जमिनीवर आला आणि तशाच फिरत्या जोरानं माझ्या पायाशेजारून उंबरा ओलांडून गल्लीत गेला. गल्लीत थोडा उतार आहे. तो उतार धरून तो समोर गेला आणि माझ्या दारातल्या निळ्या पिंपावर जाऊन धडकला. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, आणि आदल्याच दिवशी मी ते पिंप काठोकाठ भरलं होतं. सगळं पाणी गल्लीभर झालं. रांगोळ्या वाहून गेल्या.

कोणाला लागलं नाही. खरंच, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. श्रीनिवास खुर्चीतून उठला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नान्ना," तो म्हणाला, "मी आणखी काही बोलायला पाहिजे का?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ते भिंतीजवळ गेले आणि ड्राइव्हचा मेन बंद केला. तोही सावकाश. मला भरून आलं, आणि त्याच वेळी त्यांना दोन शब्द सुनवावेत असंही वाटलं.

अक्का सूप खाली ठेवून आत आली. आधी तिनं मास्तरांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, बोटं जागेवर आहेत ना याची खात्री केली. मग श्रीनिवासकडं वळली आणि माझ्यासाठी म्हणून मराठीत बोलली.

"लगीन झाल्यापासनं मी मेल्लगा म्हनतेय. ह्येंनी माझं ऐकलं न्हाय. आज मशीननं सांगितलं. मशीनचं ऐकतील."

"अम्मा, आज कोणाचा पाय गेला असता."

"व्हय. म्हनून सांगतेय. उद्या सकाळपर्यंत थांब. उद्याबी तुला पटलं न्हाय तर मी स्वतः भांडी बांधते."

श्रीनिवास आईला नाही म्हणू शकला नाही. दुपारी मास्तर आणि मी चक उचलून आणला. त्यांनी आटे पुसले, चक बसवला. मी थांबायचा वेळ होता तसा केला, आणि आकडे बदलता येणार नाहीत असं कुलूप घातलं. ते बघत होते, पण माझ्या बोटांकडं नव्हे. "पिंपाचं वाईट झालं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळे आपापल्या जागी. या वेळी अक्का लेथशेजारीच येऊन उभी राहिली. मास्तरांनी मध्यम वेगावर एक तुकडा कापला, हत्यार मागं घेतलं, दांडा खाली केला. आणि त्यांचा उजवा हात पुढं आला. हात चकपासून वीतभर अंतरावर थांबला, तिथंच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि पाठीमागं नेऊन डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट पकडलं. चोराला धरावं तसं. चक फिरत होता. त्याची गती कमी होत होती. मास्तरांची मान शिरा ताणून ताठ झाली होती, घामाचा थेंब कानाशेजारून खाली येत होता, आणि पाठीमागं तो उजवा हात मनगटात वळवळत होता. मी आयुष्यात कोणाला इतक्या कष्टानं काही न करताना बघितलेलं नाही.

चक थांबला. अक्कानं पदरानं त्यांचा कान पुसला.

श्रीनिवास उठला, भिंतीजवळ जाऊन ड्राइव्हचं ते गोल बटण चिमटीत धरून बघितलं. "नान्ना, हे प्लॅस्टिकचं आहे," तो म्हणाला. "पितळेचं करा की."

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि पितळेचा तुकडा शोधायला खाली वाकले. ते बराच वेळ वाकूनच राहिले.

पितळेचं बटण झालं. कडेला बोट घसरू नये म्हणून बारीक दाते, मध्ये एक खूण. गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ते दाखवायचे. डब्याला खेळणं म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही. "खेळन्याला दागिना केला," असं म्हणायचे.

त्यानंतरचं त्यांचं काम म्हणजे चिल्लरच होतं. रसाच्या गुऱ्हाळाचं एखादं बुश, शिलाई मशीनची पुली, कोणाच्या कुकरची मूठ. मोठं काम आलं की वेग अगदी कमी ठेवून जाड काप घ्यायचा त्यांना भारी शौक. मी सांगितलं, असं करू नका. मोटर हळू फिरली की तिच्याच पाठीवरचा तिचा पंखाही हळू फिरतो, तिला वारा मिळत नाही, ती तापते. दुसऱ्या दिवशी घरातला एकुलता टेबलफॅन मोटरच्या मागं लावलेला. सोलापूरचा मे महिना. अक्का विड्या वळताना सुपानं वारा घेत होती.

"आन् माझं काय?" तिनं मला विचारलं. "मी मोटर न्हाय व्हय?"

मास्तर म्हणाले, "तू आपोआप गार हुतीस. ती बिचारी बंद डब्यात हाय." संध्याकाळी मात्र त्यांनी दुसरा पंखा आणला. मोठा कुणाला आणि छोटा कुणाला यावर त्या घरात दोन दिवस तेलुगूत चर्चा चालली, आणि मोठा अक्काला मिळाला.

बाकी माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. चहा तसाच एका घोटात, रिक्षातून उतरणं तसंच. फक्त लेथपाशी, दांडा खाली केला की त्यांचा हात पाठीमागं जायचा. पहिले काही महिने मनगट पकडावं लागायचं. मग नुसतेच दोन्ही हात मागं बांधायला लागले, शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. त्या वेळात कोणी बोलवलं तर ते मान वळवायचे नाहीत. अक्का म्हणायची, ह्येंची पूजा चाललीय, थांबा.

मास्तर गेले ते थंडीच्या तोंडावर, झोपेतच, पहाटेच्या आधी. एवढ्या घाईच्या माणसानं कोणाला उठवलंसुद्धा नाही. श्रीनिवास आला, सगळं केलं. लेथचं काय, हे त्यानं विचारलं नाही. अक्का पुण्याला गेली नाही. दर गुरुवारी ती लेथवर तेल घालते, दांडा वर करते, पितळेचं बटण जरासं फिरवते आणि चक थोडा वेळ फिरू देते. न चालवलं तर गंज धरतो, म्हणते. मी घरी असले तर मलाही हाक मारते.

पण मला मास्तर आठवतात ते त्याच्या थोडं आधीच्या एका संध्याकाळचे. दसरा नुकताच होऊन गेला होता. मी कामावरून आले, स्कूटी लावली आणि उघड्या फळीतून आत बघितलं. त्यांनी नुकताच दांडा खाली केला होता. एरवी मला बघून ते गल्ली दणाणेल अशी हाक मारायचे. त्या दिवशी त्यांनी पाठीमागचं एक बोट तेवढं वर केलं. थांबा.

मी उंबऱ्यात थांबले. चक हळू होत होता आणि मास्तर त्याच्याकडं बघत ओठातल्या ओठात म्हणत होते, "मेल्लगा... मेल्लगा." आतून अक्का बाहेर आली होती. तीही ऐकत होती. हसत नव्हती.

चक थांबला. मास्तरांनी उजवा हात पुढं घेतला, दिव्याखाली धरला आणि मला जवळ बोलावलं.

"ह्ये बघा. दिसतंय का काय?"

मी वाकून बघितलं. तळव्याची ती चकाकी गेली होती. कातडी साधी, कुणाचीही असते तशी खरखरीत झाली होती. आणि अंगठ्याच्या बुंध्यापासून आडवी, केसाएवढी बारीक, एक रेष आली होती. तिच्याखाली दुसरी, अर्धवट.

"आल्या की हो परत," मी म्हटलं.

"मग!" मास्तर म्हणाले. हात मिटून परत उघडला, अजून आहेत का बघितलं. "आता गड्ड्यात जातो आन् त्या हात बघनाऱ्याला शोधतो. म्हन म्हनावं आता, काय म्हनायचंय ते."

गड्डा यायला अजून थंडी पडायची होती.